मैत्रीपूर्ण सामना बघताना वहीत काय लिहावं

भारताचा मैत्रीपूर्ण सामना संपला की आमच्या कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, किती-किती झाली? दुसरा, छेत्रीनं मारला का? मी शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. त्यांना माझं सांगणं असतं, की पात्रता फेरीच्या तोंडावरचा सामना असेल तर हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारा. आधी वही घ्या. त्या वहीत काय आणि कधी लिहायचं, ते इथं मांडते. त्यासाठी कोच असायची गरज नाही. आपला संघ खरोखर कुठवर पोचलाय हे ज्याला समजून घ्यायचंय, त्या कुणालाही हे जमेल.

उदाहरणाला मार्च 2025 चं शिलाँग घेऊ. 19 मार्चला भारतानं मालदीवला 3-0 हरवलं. मुंबईचा राहुल भेके, गोव्याचा लिस्टन कुलासो आणि निवृत्तीतून परत आलेला सुनील छेत्री यांनी गोल केले. छेत्रीचा तो 95वा आंतरराष्ट्रीय गोल. नोव्हेंबर 2023 मध्ये कुवेतला हरवल्यानंतर भारत पहिल्यांदाच जिंकला होता, त्यामुळे आनंद व्हायलाच हवा होता. सहा दिवसांनी, 25 मार्चला, त्याच मैदानावर आशियाई चषक 2027 च्या पात्रता फेरीत बांगलादेशाशी सामना झाला आणि तो 0-0 सुटला. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी आपला संताप लपवला नाही. लोक म्हणाले, सहा दिवसांत असं काय बिघडलं? मला वाटतं बिघडलं काहीच नव्हतं. जे कच्चं होतं ते पहिल्या सामन्यात कुणी तपासलंच नव्हतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी

पानाच्या वर मैत्रीपूर्ण सामन्यातल्या संघाचं नाव लिहू नका. ज्याच्याशी पात्रता सामना आहे त्याचं नाव लिहा. सगळी तयारी त्याच्यासाठी आहे. त्याखाली गटाचा हिशेब मांडा. भारताच्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते, प्रत्येकाशी दोनदा सामना, आणि गटातला एकच संघ पुढे जाणार होता. चारांत एक म्हटल्यावर घरच्या मैदानावरची बरोबरीसुद्धा महागात पडते. हे पानावर लिहिलेलं असलं की बघताना नजर आपोआप कडक होते.

मग जागतिक फुटबॉल संघटनेची, म्हणजे फिफाची, क्रमवारी. तेव्हा भारत 126वा, मालदीव 162वा आणि बांगलादेश 185वा होता. आकड्यांवरून बांगलादेश सोपा वाटतो. पण क्रमवारी मागच्या निकालांवर ठरते, आणि बांगलादेशाकडून तेव्हा पहिल्यांदाच हमझा चौधरी उतरणार होता. लेस्टर सिटी या क्लबबरोबर 2021 चा इंग्लंडमधला एफए कप जिंकलेला मधल्या फळीतला खेळाडू. मालदीवशी खेळून त्याची तयारी कशी होणार? म्हणून आदल्या दिवशी एक ओळ जरूर लिहा: ‘उद्याचा संघ खऱ्या प्रतिस्पर्ध्यासारखा खेळतो का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर त्या विजयाला त्याच मापानं मोजा. फिफाही तेच करते. क्रमवारीच्या गणितात आंतरराष्ट्रीय विंडोतल्या (म्हणजे देशांच्या सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या दिवसांतल्या) मैत्रीपूर्ण सामन्याला 10 चं वजन असतं, विंडोबाहेरच्याला 5 चं, आणि पात्रता सामन्याला 25 चं.

शिबिराला किती दिवस मिळाले, हेही बघून ठेवा. विंडोच्या काळात क्लबांना खेळाडू सोडावेच लागतात, एरवी सहसा नाही. चार-पाच दिवस एकत्र राहिलेल्या संघाकडून पासांची लांबलचक गुंफण अपेक्षित धरणं अन्यायाचं आहे. पण उभं राहण्याची शिस्त आणि कॉर्नरची ठरलेली चाल एवढ्या दिवसांत बसते. तीच तपासा.

पहिला तास

आता पानावर चार रकाने आखा. पहिल्यात ‘चेंडू आपल्याकडे’, दुसऱ्यात ‘चेंडू गेला’, तिसऱ्यात ‘कॉर्नर आणि फ्री किक’. चौथ्याचं पुढे सांगते.

दुसरा रकाना सगळ्यांत अवघड, कारण टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि आपली नजर कॅमेऱ्यामागे. चेंडू हातचा गेला की पुढची पाच-सहा सेकंदं चेंडूकडे बघायचंच नाही, असं ठरवा. बघायचं ते आपल्या जवळच्या तीन खेळाडूंकडे. ते परत घ्यायला धावले, मागं सरले, की हात वर करून उभे राहिले? मागं सरणं चूक नाही. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी केल्या तर मात्र काळजी करायची. माझ्या मुलींमध्ये मी कामं वाटून देते. एकीनं फक्त दोन्ही बाजूंचे बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, बघायचे, एकीनं गोलीचे पाय, एकीनं मधल्या फळीतली अंतरं. तुम्ही एकटे असाल तर दर पंधरा मिनिटांनी एकच गोष्ट धरा. सगळं एकदम बघू गेलात तर हाती काहीच लागत नाही.

बदली खेळाडू येऊ लागले की पानावर आडवी रेघ मारा. स्पर्धेच्या सामन्यात पाच बदल्या असतात, मैत्रीपूर्ण सामन्यात त्याहून जास्त करता येतात. साधारण तासाभरानंतर संघाचा मूळ आकार राहत नाही. रेघेखाली जे दिसेल ते एकेका खेळाडूविषयी असतं, संघाविषयी नाही. नव्या पोराचा उत्साह, दमलेल्या बॅकची चाल, हे सगळं टिपा, पण रेघेच्या वर नेऊ नका.

दुखापतही लिहा, आणि तिच्यापुढे त्या खेळाडूचं काम. मालदीवविरुद्ध ब्रँडन फर्नांडिस दुखावला आणि बांगलादेशाविरुद्ध तो नव्हता. पहिला गोल त्याच्याच कॉर्नरवर झाला होता. वहीत ‘ब्रँडन जखमी’ एवढंच लिहिलं तर अर्धीच गोष्ट कळते. ‘कॉर्नर घेणारा गेला, आता कोण?’ असं लिहिलं की पुढच्या सामन्यासाठीचा खरा प्रश्न समोर येतो.

गोल झाला की

टाळ्या वाजवा, ओरडा, मग रिप्ले लागला की बसा. गोल करणाऱ्याचं नाव सगळ्यांनाच कळतं. तुम्ही शेवटच्या तीन स्पर्शांचा माग घ्या. मालदीवविरुद्ध भेकेचा हेडर कॉर्नरवर, कुलासोचा हेडर महेशसिंगच्या कॉर्नरवर, छेत्रीचा हेडर कुलासोच्या क्रॉसवर, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेल्या चेंडूवर. तिन्ही गोल डोक्यानं, तिन्ही हवेतून आलेल्या चेंडूवर. पास देत-घेत मधून बचाव फोडून झालेला एकही नाही. कॉर्नरची चाल बसली होती आणि ती मेहनतीनंच बसते, म्हणून तिसऱ्या रकान्यात मोठ्ठी बरोबरची खूण. पण समोरच्यानं कॉर्नरच दिले नाहीत, क्रॉस अडवले, तर गोल कुठून येणार? पहिल्या रकान्यात या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री कोरंच होतं. बांगलादेशाविरुद्ध नव्वद मिनिटांत तेच कोरेपण दिसलं.

चौथा रकाना

याचं नाव ‘तपासलंच नाही’. माझ्या मते वहीतली हीच खरी जागा, आणि बहुतेक जण हीच सोडून देतात. सामना संपल्यावर दहा मिनिटं टीव्ही बंद करा आणि आठवा: आज आपल्यावर काय काय आलंच नाही? गोली दबावाखाली पायानं खेळला का? संघ पिछाडीवर पडला का? वेगवान फॉरवर्ड आपल्या बॅकच्या मागं पळाला का? मालदीवनं आपल्या गोलीवर फारसा ताण आणलाच नव्हता. बांगलादेशाविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गोलीचा किक थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात गेला. त्यांचा नेम चुकला म्हणून वाचलो.

आमच्या तालमींच्या संघांचे सराव सामने बघणाऱ्यांना हे नवं नाही. दुबळ्या संघाला सात गोल घालून शाहू स्टेडियमवर उतरलेला संघ पाटाकडील किंवा दिलबहारसारख्या तगड्या तालमीसमोर पहिल्या दहा मिनिटांत गोंधळतो, ते यामुळेच.

हरलेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात हा रकाना बराच रिकामा राहतो आणि बाकीचे भरतात. म्हणून मला तसे सामने आवडतात. जून 2025 मध्ये भारत थायलंडमध्ये 0-2 हरला. संधी मिळाल्या, गोल झाला नाही. सहा दिवसांनी हाँगकाँगमध्ये पूर्वार्धात आशिक कुरुनियनसमोरची सोपी संधी हुकली आणि भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर आपण 0-1 हरलो. इथं वही खोटं बोलली नव्हती, पण दुरुस्तीला सहाच दिवस होते.

आता आपल्या महिला संघाचं. त्याच वर्षी महिलांच्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीआधी त्यांनी बंगळुरूत उझबेकिस्तानशी दोन मैत्रीपूर्ण सामने खेळले आणि दोन्ही गमावले. निकाल बघणाऱ्यांनी तिथंच आशा सोडली असेल. पण आपल्याहून वरचढ संघाशी खेळल्यामुळे काय कच्चं आहे ते आधी कळतं, आणि इथं हातात तीन आठवडे होते. मग थायलंडमध्ये मंगोलिया 13-0, तिमोर लेस्ते 4-0, इराक 5-0, आणि 5 जुलैला यजमान थायलंडला त्यांच्याच घरी 2-1. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरीतून आशियाई चषक गाठण्याची भारतीय महिला संघाची ती पहिलीच वेळ. पुरुष संघ मात्र गटात अडकला आणि सिंगापूर पुढे गेला. मुली मला विचारतात, सराव सामन्याला तगडा संघ का बोलावता? तेव्हा मी हे निकाल त्यांच्यासमोर ठेवते.

पात्रता सामना झाला की नवं पान घेऊ नका. मैत्रीपूर्ण सामन्याचंच पान उघडा आणि चौथ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे लाल पेननं लिहा: निभावलं, कोसळलं, की अजूनही तपासलं गेलं नाही. शेवटच्या प्रकारातल्या ओळी पुढच्या मैत्रीपूर्ण सामन्याच्या पानावर सगळ्यांत वर उतरवून ठेवा.