ओरखडा सनमायकावर आहे की व्हिनियरवर?

कपाटावर ओरखडा दिसला की लगेच पॉलिश पेपर घेऊ नका. सनमायका जेमतेम १ मिलीमीटर जाड असतो आणि त्यावरची लाकडाची नक्षी म्हणजे छापील कागद. घासलात की नक्षीच जाते, आणि त्याला इलाज नाही. व्हिनियर खरं लाकूड असतं, पण फार पातळ, म्हणून तिथेही हात हलकाच हवा.

ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. अडकलं नाही तर तो वरवरचा आहे. व्हिनियरवर अक्रोडाचा गर चोळा, दहा मिनिटांनी मऊ सुती कापडाने पुसा. तेल मुरून पांढरी रेघ मावळते. सनमायकात तेल मुरत नाही, तिथे हा उपाय नको.

नख अडकलं तर मेणखडू. सागवानी रंग एकाच खडूत सहसा मिळत नाही. तपकिरी आणि पिवळट असे दोन तुकडे बोटांच्या उबेने एकत्र मळा. छटा किंचित गडदच ठेवा, कारण फिकट रेघ आधी डोळ्यात भरते. मेण रेघेत दाबून भरा, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने जादाचं खरवडा आणि कापडाने पुसा. गरम भांडी ठेवायच्या जागी मात्र हे टिकत नाही.

कडेचा टवका उडाला असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका. आतल्या पार्टिकल बोर्डला पाणी लागलं की तो फुगतो, पुन्हा बसत नाही. टवका सापडला तर फेविकॉल लावून मास्किंग टेपने रात्रभर आवळून ठेवा.