लसीनंतरच्या त्रासाची नोंद ॲपवर करताना या चुका टाळा

रेंज नसते म्हणून लसीकरण सत्राच्या नोंदी संध्याकाळी घरी बसून यू-विन या सरकारी लसीकरण ॲपवर भरल्या जातात. त्याला इलाज नाही. पण बॅच नंबर आठवून भरू नका. एमआरच्या (गोवर-रुबेला लसीच्या) दोन कुप्या दोन बॅचच्या होत्या आणि सगळ्या बाळांपुढे एकच नंबर पडला, तर चार दिवसांनी तीन दंडांवर गळवं दिसल्यावर ती कुठल्या कुपीची, हे शोधायचं कसं? कुपी उघडताच लेबलचा फोटो घ्या.

द्रावकाचाही (पावडर लस ज्यात कालवतात त्या द्रवाचा) घ्या. एमआर, बीसीजी या पावडरच्या लसी. त्यांच्या द्रावकाचा बॅच नंबर वेगळा असतो, आणि घाईत नेमका तोच राहतो. लस कालवल्याची वेळ कुपीवरच पेनाने लिहा, चार तासांनंतर ती वापरायची नसते. 'दोन डोस उरलेत, वाया कशाला' म्हणून ताणलेल्या कुपीत जंतू वाढले, तर काही तासांतच बाळाला ताप, उलट्या, जुलाब लागतात.

त्रास कधी सुरू झाला, या रकान्यात बरेच जण फोन हातात घेतला ती वेळ टाकतात! वीस मिनिटांत अंगावर गांध्या उठून श्वास लागला तर संशय ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीचा. सहा तासांनी उलट्या, जुलाब लागले तर कुपीचा. वेळ चुकली की तपास भलतीकडे जातो.

बाळ दवाखान्यात दाखल असेल तर ॲप नंतर, आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन. केस रिपोर्टिंग फॉर्म 24 तासांत जिल्ह्याकडे जायला हवा.

'न्यूमोनियाच होता, लसीचा काय संबंध' असं म्हणून नोंद गाळू नका. संबंध आहे की नाही, हे लसीनंतरच्या त्रासाचा तपास करणारी समिती ठरवते. अमेरिकेत 1998 साली आलेल्या रोटाशील्ड लसीनंतर आतड्यात आतडं अडकल्याच्या जेमतेम 15 नोंदी व्हॅर्स या तिथल्या लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदवहीत जमल्या होत्या, तेवढ्यावर 1999 च्या जुलैत ती लस देणं थांबवलं गेलं. त्या पंधरांतल्या दहा जणांनी 'योगायोग असेल' म्हटलं असतं तर?

आणि सगळ्या बाळांना आशाताईंचाच मोबाइल नंबर लावू नका, माझ्या मते आळसाची चूक हीच. पालकांना स्वतःहून कळवायचं असेल तर 1800-180-3024 हा पीव्हीपीआयचा (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा) टोल-फ्री नंबर एमसीपी कार्डाच्या (माता-बाल संरक्षण कार्डाच्या) मागे लिहून द्या.