एका 'म'ने अडवलेली मापनी

अंकारात मानसशास्त्रात मास्टर्स करताना माझ्या वाट्याला आलेलं काम ऐकायला सोपं होतं: जोडीदारावरचा विश्वास मोजणारी १७ विधानांची इंग्रजी मापनी तुर्कीत आणायची. तुम्हीही यात पडणार असाल तर आधी मूळ लेखकाला मेल टाका. परवानगी हातात नसताना भाषांतराला बसू नका.

दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, तिसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं. मानसशास्त्रज्ञ ब्रिस्लिनने १९७० मध्ये मांडलेली ही रीत चांगली आहे, पण तिच्या भरवशावर झोपू नका. मूळ विधानांतल्या 'फेथ'साठी एकाने 'इमान' लिहिलं आणि उलट भाषांतरात ते बिनबोभाट 'फेथ' होऊन परत आलं. मलाही खटकलं नाही. आपल्याकडे इमान म्हणजे निष्ठा, इमानी कुत्रासुद्धा असतो. वर्गातली तुर्की मैत्रीण मात्र हसली. तिच्या कानाला तो थेट धर्माचा शब्द. शेवटी 'ग्युवेन', म्हणजे विश्वास, याच शब्दाभोवती वाक्यं बांधली.

विश्वासाच्या मापनीची विश्वसनीयता! तुर्कीतही तसंच, 'ग्युवेन'ची 'ग्युवेनिरलिक'. ती तपासली तर अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, सहसा किमान मानल्या जाणाऱ्या ०.७० च्या बराच खाली. चूक माझीच होती, नकारार्थी विधानांचे गुण उलटे करायचे राहिले होते. ते केल्यावर आकडा सुधारला, तरी दोन विधानं बाकीच्यांशी जुळेनात.

सॉफ्टवेअरमध्ये दोन दिवस डोकं घातलं. मग कँटीनमध्ये चहा पिता पिता एका मुलीला विधानं मोठ्याने वाचायला सांगितली. 'ग्युवेनमियोरुम' (विश्वास वाटत नाही) हे तिने सरळ 'ग्युवेनियोरुम' (वाटतो) असं वाचलं. फरक मधल्या एका 'म'चा. मराठीत 'नाही' शेवटी वेगळं उभं असतं, म्हणून मला ते सुचलंच नव्हतं. विधान बदलून 'विश्वास ठेवणं जड जातं' असं केलं. हे वाचून घेणं आधीच करा, दहा-बारा जणांकडून तरी.

विधान बदललं की माणसंही नवी लागतात. एका विधानामागे दहा जण हा ढोबळ हिशेब. शोधक घटक विश्लेषण (विधानांचे गट कसे पडतात ते शोधणं) आणि पुष्टीकारक (ते गट खरंच टिकतात का ते तपासणं) एकाच गटावर उरकू नका.

उत्तरं टिकतात का ते बघायला तीन आठवड्यांनी त्याच लोकांकडून मापनी पुन्हा भरून घेतली. दोन्ही वेळची उत्तरं जुळवायला नावाऐवजी कोड ठेवला होता: आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्माची तारीख. बऱ्याच आया फातमा नाहीतर आयशे निघाल्या. तुम्ही फोनचे शेवटचे दोन आकडेही जोडा.