शिकागोत पहिल्यांदा डीप-डिश पिझ्झा खायला जाताना

डीप-डिश पिझ्झा भट्टीत अर्धा ते पाऊण तास राहतो. रेस्टॉरंट रिकामे असले तरी हा वेळ कमी होत नाही, आणि शनिवारी संध्याकाळी तर टेबल मिळेपर्यंतची प्रतीक्षा त्याआधी वेगळी सोसावी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याची निराशा बहुधा चवीमुळे होत नाही. उपाशीपोटी उशिरा पोहोचल्यामुळे आणि बसल्यावर मेन्यू वाचायला सुरुवात केल्यामुळे होते.

इतका वेळ का लागतो, हे पिझ्झाच्या रचनेतच आहे. सुमारे दोन इंच उंच कडेच्या गोल पॅनला भरपूर तेल लावून त्यात मैद्याचे मळलेले पीठ तळाशी आणि कडेने वरपर्यंत दाबून बसवतात. त्यावर मोझरेला चीजचे काप, त्यावर सॉसेज किंवा भाज्या आणि सर्वांत वर ठेचलेल्या टोमॅटोचा थर येतो. चीज वर ठेवले, तर इतक्या वेळात ते करपून जाईल. टोमॅटो वर असल्याने खालचे चीज सुरक्षित राहते आणि टोमॅटोतले पाणी आटून त्याची चव दाट होते. पॅनमधल्या तेलात कडा जवळजवळ तळल्यासारख्या खुसखुशीत होतात. माझ्या मते या पिझ्झाची खरी परीक्षा त्या कडेतच होते.

या प्रकाराची सुरुवात १९४३ मध्ये आइक सिवेल आणि रिक रिकार्डो यांनी ओहायो स्ट्रीटवर काढलेल्या, पुढे ‘पिझ्झेरिया उनो’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या रेस्टॉरंटमध्ये झाली असे मानले जाते. मूळ पाककृती नेमकी कोणाची, यावर मात्र आजही वाद आहे. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘लू मालनाटीज’च्या आता शहरभर शाखा आहेत. ‘जिओर्डानोज’ची ख्याती ‘स्टफ्ड’ पिझ्झासाठी आहे, ज्यात चीजवर पिठाचा आणखी एक पातळ थर देऊन मग टोमॅटो घालतात. तो अधिक जड असतो, म्हणून पहिल्या वेळी साधा डीप-डिशच घ्यावा. ‘पेक्वॉड्स’मध्ये कडेला चीज मुद्दाम खरपूस काळपट होऊ देतात. ते करपलेले समजून परत पाठवू नये.

शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर जावे. गर्दीच्याच वेळी जावे लागले, तर दाराशी नाव नोंदवताना लगेच विचारावे की टेबल मिळण्याआधी पिझ्झाची ऑर्डर देता येईल का. अनेक ठिकाणी तशी सोय असते आणि तिचा उपयोग केला, तर दोन्ही प्रतीक्षा एकाच वेळी सरतात. त्यासाठी कोणाला काय चालते, हे रांगेत उभे राहण्यापूर्वीच ठरलेले हवे. सगळी मंडळी हजर असल्याशिवाय काही ठिकाणी टेबल देत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

आकार निवडताना भुकेवर विश्वास ठेवू नये. नऊ इंचांचा लहान पिझ्झा दोघांना सहसा पुरतो, कारण दोन तुकड्यांतच पोट भरते. पिझ्झा येईपर्यंत ब्रेड किंवा तळलेले पदार्थ मागवण्याचा मोह होतो. तो टाळावा; फार तर एक सॅलड वाटून घ्यावे.

शिकागोतले सॉसेज म्हणजे बहुतेक वेळा बडीशेप घातलेले डुकराचे मांस असते, आणि काही ठिकाणी त्याचा सलग थर तळभर पसरतात, म्हणजे तो बाजूला काढून खाणे शक्य नसते. शाकाहारी मंडळींनी केवळ नावावरून अंदाज न बांधता, मांस अजिबात नको असे स्पष्ट सांगावे. पालक, मशरूम, कांदा, सिमला मिरची हे पर्याय सहज मिळतात, परंतु पहिल्या वेळी एक किंवा दोनच निवडावेत. भाज्यांना पाणी सुटते आणि गर्दी झाली की तळ ओला पडतो. अर्ध्या भागावर एक आणि अर्ध्यावर दुसरे टॉपिंग घालून मिळते का, हेही विचारता येते.

पिझ्झा गरम पॅनमध्येच टेबलावर येतो आणि पहिला तुकडा बहुधा वाढणारी व्यक्तीच ताटलीत ठेवते. पॅनला हात लावू नये. दोन-तीन मिनिटे थांबावे, कारण चीज थोडे स्थिरावल्याशिवाय तुकडा सुटा निघत नाही आणि टोमॅटोने तोंड पोळते. सुरी-काट्याने खाण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. स्थानिक लोकही तसेच खातात. शिकागोकर एरवी चौकोनी कापलेला पातळ पिझ्झाच अधिक खातात, असे कोणी आवर्जून सांगेल. ते खरे आहे, पण त्यामुळे डीप-डिश केवळ पर्यटकांचा ठरत नाही. घरी पाहुणे आले की तेही हाच मागवतात.

बिलावर कर वेगळा लागतो आणि १८ ते २० टक्के टिप देण्याची रीत आहे; मोठ्या गटाच्या बिलात ती आधीच धरलेली असू शकते, म्हणून बिल वाचून घ्यावे. उरलेले तुकडे डब्यात बांधून मागावेत. दुसऱ्या दिवशी ते मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडतात, त्याऐवजी जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून गरम करावेत आणि तळ पुन्हा कुरकुरीत झाला की उतरवावेत.