जुनी मोटारसायकल: दुरुस्त करत राहायची की विकायची?

टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, बॅटरी झिजणारच. त्यांच्या बिलाला वैतागून गाडी विकून टाकू नका. खरा प्रश्न इंजिन आणि चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा.

इंजिन गरम करून इग्निशन बंद करा. स्पार्क प्लग काढून तिथे कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरून आकडा स्थिरावेपर्यंत किक मारा. मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा आकडा बराच कमी आला, तर प्लगच्या भोकातून 5 मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजलाय. तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. निळा धूर फक्त सकाळी सुरू करताना येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्या. एवढ्यासाठी बोअर करायला (सिलिंडर आतून कातून मोठा करायला) कुणी सांगितलं तर आधी ही चाचणी करायला लावा.

मग हँडलखालच्या नळीभोवतीचं वेल्डिंग पुसून टॉर्चच्या उजेडात पाहा. रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून गंज ओघळलेला दिसला, तर ती चीर समजा. अशी गाडी चालवू नका, आणि विकताना चीर दाखवूनच विका. हँडल मध्यावर अडकत असेल तर मात्र बेअरिंग बदललं की झालं.

आता सुटे भाग मिळतात का ते विचारा. लागणारा खर्च चालू गाडीच्या विक्रीकिमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर आहे तशीच विका. विकण्याआधी इंजिन उघडू नका, तो खर्च किमतीत क्वचितच वसूल होतो.