कूटसंकेतावरून सायन्स फिक्शन मालिकेचा भाग कसा ओळखावा

‘डायनॅमो बिघडला, वार काही सरेना (6).’

एवढ्याच ओळीवरून मालिकेचा भाग ओळखायचा. उत्तर आहे ‘मंडे’, ‘द एक्स-फाइल्स’चा 1999 मधला भाग. डायनॅमोची सहा इंग्रजी अक्षरं विस्कटली की मंडेचीच अक्षरं मिळतात, आणि त्या भागात बँकेवरच्या दरोड्याचा एकच सोमवार पुन्हा पुन्हा उजाडत राहतो. एकीकडून अक्षरं आणि दुसरीकडून कथा एकाच नावावर येऊन थांबली. असे दोन वेगवेगळे पुरावे जुळल्याशिवाय उत्तर पक्कं धरायचं नाही. या खेळात बाकीच्या नियमांत थोडंफार इकडे-तिकडे चालतं, यात नाही.

आधी कुंपण घाला

कोणत्या मालिका खेळात आहेत हे सुरुवातीलाच ठरवा. 1966 ते 1969 मधल्या मूळ ‘स्टार ट्रेक’चे 79 भाग, ‘द नेक्स्ट जनरेशन’चे 178 आणि मूळ ‘ट्वायलाइट झोन’चे 156 एवढेच धरले तरी 413 होतात. पहिल्या डावाला दोन मालिका पुष्कळ झाल्या.

‘डॉक्टर हू’ घेणार असाल तर आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. 1963 पासून 1966 पर्यंत तिच्या दर आठवड्याच्या भागाला वेगळं नाव असायचं. पुढे अनेक आठवडे चालणाऱ्या कथेला एकच नाव देऊ लागले. उत्तर म्हणून भागाचं नाव चालेल की कथेचं, यावरून हमखास वाद होतो.

कंसातला आकडा इंग्रजी अक्षरांचा आहे, हेही सांगून ठेवा. नाव अनेक शब्दांचं असेल तर आकडे स्वल्पविरामाने तोडून लिहितात: (5, 4) म्हणजे पाच आणि चार अक्षरांचे दोन शब्द, उदाहरणार्थ ‘स्पेस सीड’.

संकेताचे दोन तुकडे करा

संकेतातल्या विरामचिन्हांवर विश्वास ठेवू नका, ती बहुतेकदा दिशाभूल करायलाच टाकलेली असतात. एक तुकडा वर्णनाचा असतो, दुसरा अक्षरांच्या कसरतीचा. वर्णन ओळीच्या सुरुवातीला तरी असतं नाही तर शेवटाला. मधे लपवणं नियमात बसत नाही. म्हणून दोन्ही टोकांकडून एकेक शब्द वाढवत जा आणि उरलेल्या भागात कसरत दिसते का ते बघा.

कसरत कोणती, हे एखादा शब्द सांगून जातो. बिघडणं, विस्कटणं, नशेत असणं, वादळ आलं की अक्षरं हलवायची. पोटात, आत, टोकाला असं काही दिसलं तर उत्तर दुसऱ्या शब्दात दडलेलं असतं. मागे वळणं म्हणजे उलटं वाचणं, आणि ऐकू येणं म्हणजे नुसता उच्चार धरणं.

‘बी’च्या मागोमाग दुवा, पापणी लवली की घात (5): ‘बी’ अक्षराला ‘लिंक’ जोडा, ‘ब्लिंक’ मिळतं. ‘डॉक्टर हू’च्या 2007 मधल्या या भागात नजर हटली की दगडी पुतळे पुढे सरकतात.

ऑफिसच्या टोकाला गोठलेल्या जागी किडा वळवळतो (3): ऑफिसची शेवटची तीन अक्षरं घ्या, ‘आइस’. ‘एक्स-फाइल्स’, 1993.

मधला सरदार ऐकू आला, तुझंच बोलणं बोलत (8): ‘मिड’ आणि कानाला ‘नाइट’ वाटणारा सरदार, म्हणजे ‘मिडनाइट’. ‘डॉक्टर हू’, 2008. शूर सरदाराचा नाइट आणि रात्रीचा नाइट देवनागरीत सारखेच लिहिले जातात, त्यामुळे मराठीत असा संकेत रचणाऱ्याची चैन असते. सोडवणारा मात्र फसतो, कारण ‘डायनॅमो’ देवनागरीत पाहून सहा अक्षरं डोळ्यांसमोर येतच नाहीत. शब्द रोमन लिपीत, अक्षरं गोलाकार मांडून लिहा. ओळीत लिहिली तर मूळ शब्दच पुन्हा पुन्हा वाचला जातो. जे अक्षर वापराल ते खोडा. एक जरी उरलं तरी उत्तर चूक.

कसरत नसेल तेव्हा

काही संकेतांत फक्त आडून केलेलं वर्णन असतं. ‘वाचायला वेळच वेळ, पण काचेने दगा दिला’ म्हणजे ‘ट्वायलाइट झोन’चा ‘टाइम इनफ ॲट लास्ट’ (1959). ‘पाच नव्हे, चारच दिवे’ म्हणजे ‘नेक्स्ट जनरेशन’मधल्या ‘चेन ऑफ कमांड’चा दुसरा भाग (1992). ‘अख्खा जन्म जगून हाती उरली बासरी’ हा त्याच मालिकेतला, त्याच वर्षीचा ‘द इनर लाइट’.

इथे अक्षरांचा पुरावा मिळत नाही, मग दुसरा आणायचा कुठून? वस्तू, आकडा, ठिकाण यांतून. त्यासाठी वही करा: भागाचं नाव, वर्ष, एक वस्तू, एक आकडा किंवा जागा. कथासार लिहू नका. संकेत रचणारा चष्मा, बासरी, पुतळा असली हाताला लागणारी चीज उचलतो, आणि लांबलचक सारात नेमकी तीच सापडत नाही.

घोटाळा होतो तो इथे

एकच दिवस किंवा प्रसंग पुन्हा पुन्हा घडणं हा या मालिकांचा लाडका विषय. ‘तेच ते आणि तेच ते’ एवढाच संकेत असेल तर ‘मंडे’ बरोबर, ‘नेक्स्ट जनरेशन’चा ‘कॉज अँड इफेक्ट’ (1992) बरोबर आणि ‘स्टारगेट एसजी-1’चा ‘विंडो ऑफ ऑपर्च्युनिटी’ (2000) हाही बरोबर. पत्त्यांचा डाव आणि तीनचा आकडा दिसला तर पहिल्यांदा ‘कॉज अँड इफेक्ट’ आठवावा. गोल दारातून गोल्फचा चेंडू मारला जात असेल किंवा कुणी चेंडू झेलण्याची कसरत शिकत असेल तर ‘स्टारगेट’. बँक आली की ‘मंडे’. यातलं काहीच नसेल तर संकेतच अर्धवट आहे, रचणाऱ्याकडून आणखी एक शब्द मागून घ्या.

नावं जुळण्याचीही पंचाईत आहे. ‘टिन मॅन’ नावाचा भाग ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये (1990) आहे आणि ‘स्टारगेट एसजी-1’मध्येही (1998). ‘द एनिमी विदिन’ मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये (1966) आणि पुन्हा ‘स्टारगेट’मध्ये (1997). म्हणून उत्तर देताना मालिका, नाव आणि वर्ष तिन्ही सांगायचं.

‘पहिला भाग’ या शब्दांवर तर डोळे झाकून विसंबू नये. ‘फायरफ्लाय’मध्ये कथेची सुरुवात करणारा ‘सेरेनिटी’ 2002 च्या डिसेंबरात, बाकीचे दाखवलेले भाग होऊन गेल्यावर आला. प्रेक्षकांनी आधी पाहिला तो ‘द ट्रेन जॉब’. मूळ ‘स्टार ट्रेक’मध्येही ‘द मॅन ट्रॅप’ पहिला दाखवला गेला, तर त्याच्या आधी तयार झालेला ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ तिसरा आला. क्रमांक प्रक्षेपणाचा की निर्मितीचा, विचारून घ्या.

संकेत तुम्ही रचणार असाल तर

आधी उत्तर निवडा, मग त्याची अक्षरं खेळवा. उलट क्रमाने केलं तर वर्णन ओढूनताणून बसवावं लागतं. कुणी अडला तर मदत टप्प्याटप्प्याने द्या: दशक, मग मालिका, अगदीच झालं तर पहिलं अक्षर.

शेवट फोडू नका. ‘टू सर्व्ह मॅन’ (1962) साठी पुस्तकात काय आहे यावरून संकेत करणं फार सोपं आहे, पण ज्याने तो भाग पाहिलेला नाही त्याच्यासाठी सगळी मजाच संपते. त्याऐवजी एवढंच द्या: ‘नऊ फुटी पाहुणे पुस्तक विसरून गेले (2, 5, 3).’