ब्रोकरचा माल भरताय? मग या चुका टाळा

एक-दोन ट्रकच्या मालकाला ब्रोकरशिवाय, म्हणजे भाड्याचा माल मिळवून देणाऱ्या दलालाशिवाय, माल मिळत नाही हे मान्यच आहे. कळंबोली असो, भिवंडी असो की निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, गाडी रिकामी उभी राहिली की ड्रायव्हरचा भत्ता चालू, बँकेचा हप्ता चालू, मग पहिला जो माल देईल त्याला हो म्हटलं जातं. सगळे ब्रोकर चोर नाहीत, दिलेल्या शब्दावर वर्षानुवर्षं धंदा करणारे लोक आहेत. पण फसवणूक होते ती गाडी भरायच्या आधीच्या या घाईत, आणि कळते बॅलन्स, म्हणजे उरलेलं भाडं, मागायला गेल्यावर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे माल नेमका कोणाचा आणि भाडं नेमकं कोण देणार हे न विचारताच गाडी लावणं. पार्टीने, म्हणजे माल पाठवणाऱ्याने, काम दिलं एका ट्रान्सपोर्टला, त्याने दिलं ब्रोकरला, त्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तिथून तिसऱ्याने उचललं आणि तुम्हाला फोन केला. समजा पार्टी ६२ हजार देतेय, तुमच्यापर्यंत येईस्तोवर ५० उरले, मधल्या कोणी किती ठेवले ते तुम्हाला कधीच दिसत नाही. कमी भाडं एक वेळ सहन होईल, पण मधला एक जण फोन बंद करून बसला की वरचा म्हणतो मी दिले, खालचा म्हणतो मला मिळालेच नाहीत, आणि तुमच्या हातात कोणाचाच कागद नसतो. म्हणून बिल्टीवर (माल भरल्याची ट्रान्सपोर्टची पावती) कोणाचं नाव आहे, ॲडव्हान्स कोणाच्या खात्यातून आला आणि फोनवर बोलणारा कोण, हे तिन्ही जुळतंय का बघा. नसेल जुळत तर बिल्टीवर ज्याचं नाव आहे त्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला स्वतः फोन करा, आणि तो नंबर ब्रोकरकडून घेऊ नका, स्वतः शोधा.

अमेरिकेत ब्रोकरला प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवावी लागते, ती बघायचा हक्क गाडीवाल्याला नियमानेच आहे, आणि ७५ हजार डॉलरची हमी दिल्याशिवाय ब्रोकरला धंदा करता येत नाही. तरी तिथेही अनेक ब्रोकर करारातच तो हक्क सोडायला लावतात. आपल्याकडे २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आहे, २०११ पासून लागू आहे, त्यात कॉमन कॅरियरच्या (भाड्याने सगळ्यांचा माल वाहणारा) व्याख्येत एजंट आणि ब्रोकरही येतात आणि नोंदणी बंधनकारक आहे. पण नोंदणी नंबर मागतो कोण? मागा ना, बिनधास्त मागा.

दुसरी चूक, माल भरायच्या आधी आपणच पैसे पाठवणं. बाजारापेक्षा चार-पाच हजार जास्त भाडं, मोठ्या कंपनीचं नाव, लोडिंग स्लिपचा फोटो, आणि मग "गेटपासचे दोन हजार टाका, भाड्यात जोडून देतो". गाडी गेटवर पोचते तेव्हा सिक्युरिटीला काहीच माहीत नसतं. आधी पैसे मागितले की विषय संपला, पुढे बोलूच नका. आणखी एक, आरसी, लायसन, पॅनचे फोटो मागेल त्याला पाठवू नका, तेच कागद दाखवून दुसरीच गाडी दुसऱ्याचा माल उचलते आणि पोलीस तुमच्या दारात येतात. पाठवायचेच असतील तर फोटोवर तारीख आणि कोणासाठी दिले ते लिहून पाठवा.

तोंडी ठरवणं तर सोडाच आता. भाडं किती, बॅलन्स किती दिवसांत, हॉल्टिंगचा (गाडी थांबवून ठेवल्याचा) दर काय, हमाली-वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च) कोणाकडे, एवढं एका मेसेजमध्ये लिहा आणि समोरच्याकडून "ओके" घ्या. पोच पावतीवर गाडी पोचल्याची तारीख-वेळ आणि शिक्का घ्या, मूळ पावती देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पावतीवर शॉर्टेजचा, म्हणजे माल कमी भरल्याचा, शेरा नसेल तर कपात कसली हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. टीडीएसचंही तसंच, वर्षभरात कधीही १० पेक्षा जास्त गाड्या नसतील आणि पॅनसकट तसं लिहून दिलं असेल तर तो कापायचाच नसतो. कापला म्हणत असतील तर तुमच्या २६एएसमध्ये (इन्कम टॅक्सच्या साइटवरचा कर जमा झाल्याचा तक्ता) दिसतोय का ते बघा, कारण काही जण कापतात आणि भरतच नाहीत.

बॅलन्स अडकला म्हणून माल अडवून ठेवणं, ही चूक रागात होते आणि राग येणं साहजिक आहे, डिझेल-टोल सगळं आपल्या खिशातून गेलेलं असतं. पण माल ब्रोकरचा नसतो, तिसऱ्याच माणसाचा असतो, आणि तो अडवला की भारतीय न्याय संहितेच्या ३१६ कलमाखाली विश्वासघाताची तक्रार तुमच्यावर होऊ शकते, ज्याने पैसे खाल्ले तो बाजूला राहतो. त्यापेक्षा माल उतरवण्याआधीच पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या पार्टीला लेखी कळवा की भाडं मिळालेलं नाही. पार्टीने ब्रोकरचे पैसे अजून दिले नसतील तर ती थांबवू शकते. आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आजच करून ठेवा, फुकट आहे, कारण छोट्या उद्योगांच्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार करायची ती याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे. पैसे बुडाल्यावर नोंदणी करून जुन्या भाड्याला त्याचा उपयोग होणं अवघड.

माल पाठवणाऱ्यांनी गाडी लागली की एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून तिथली माहिती समोरच्या गाडीशी जुळवावी आणि ई-वे बिलात (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) तोच नंबर आहे ना बघावं. रस्त्यात गाडी बदलली असं कोणी सांगितलं तर ई-वे बिलात नवा नंबर चढला का ते आधी तपासा, मगच पुढचे पैसे सोडा.

यूपीआयने पैसे गेलेच तर ब्रोकरच्या मागे फोन करत दिवस घालवू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात, आणि तिथून ते फार लवकर पुढे सरकतात.